आम्ही गाळलेलं नाव

डिसेंबर २००५ मध्ये टोरांटोच्या आमच्या उपनगरात ओलिसांच्या सुटकेसाठी सह्या गोळा करायला जे पत्रक वाटलं गेलं, त्यावर दोनच फोटो होते : जेम्स लोनी आणि हरमीत सिंग सूडन. बगदादमध्ये ओलीस धरलेली माणसं मात्र चार होती. नॉर्मन केंबर या चौऱ्याहत्तर वर्षांच्या ब्रिटिश प्राध्यापकांचं नाव निदान मजकुरात होतं. टॉम फॉक्स यांचं कुठेच नव्हतं. ‘आणि त्यांचे सहकारी’ एवढ्या तीन शब्दांत मी त्यांना गुंडाळलं होतं. पत्रकाचा मजकूर माझा होता आणि ते नाव नजरचुकीने राहिलं नव्हतं.

हे चौघे ख्रिश्चन पीसमेकर टीम्स या संघटनेबरोबर इराकमध्ये होते. मेनोनाइट, क्वेकर अशा, शस्त्र हाती न धरणाऱ्या पंथांतून ती उभी राहिलेली. अमेरिकी फौजांनी उचलून नेलेल्या इराकी माणसांच्या घरी जायचं, बायकामुलांकडून हकिगत लिहून घ्यायची, छावण्यांच्या दारात चौकशीला उभं राहायचं, हे तिचं बगदादमधलं काम. अबू गरीब तुरुंगातल्या छळाचे फोटो जगाने एप्रिल २००४ मध्ये पाहिले. कैद्यांच्या छळाच्या तक्रारी या लोकांनी त्याआधीच नोंदवून ठेवल्या होत्या. २६ नोव्हेंबर २००५ रोजी मुस्लिम धर्मपंडितांच्या एका संघटनेची भेट घेऊन निघताना चौघांना पळवण्यात आलं. पळवणाऱ्यांनी त्यांना हेर ठरवलं. मग मागणी आली : इराकी आणि अमेरिकी तुरुंगांतल्या सगळ्या कैद्यांना ८ डिसेंबरपर्यंत सोडा, नाहीतर यांना ठार मारू. पुढे ती मुदत दोन दिवसांनी वाढवली.

आमच्या सर्वधर्मीय मंडळात लिहिण्याचं काम बहुधा माझ्याकडेच यायचं. त्या आठवड्यात तर सगळी घाईच होती. मी असा हिशेब केला : सह्या सगळ्यात जास्त मशिदीतून मिळायला हव्यात, कारण त्यांचंच वजन पडेल. तिथे अमेरिकी नाव दिसलं की लोक बिचकतील. त्यातून फॉक्स यांनी वीसेक वर्षं अमेरिकी मरीन दलाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवलेलं. ते वाद्यवादक होते, क्वेकर होते, हे समजावत कुठे बसायचं? दोघे कॅनडाचे, ते आपले. त्यांनाच पुढे करू. गुरुद्वारात तर मी हरमीतबद्दल सरळ ‘आपला मुलगा’ म्हणून बोलले. ऑकलंडमध्ये साहित्य शिकणारा हा तरुण पॅलेस्टाइनला जाऊन आला होता, इराकला का गेला होता, याबद्दल मी तिथे एक अक्षर काढलं नाही. लंगरच्या रांगेतल्या बायका डोळे पुसत सह्या करत होत्या, आणि आपलं काम छान चाललंय असं मला वाटत होतं.

मशिदीतली गोष्ट याहून वाईट. तिथले विश्वस्त माझ्या चांगल्या परिचयाचे होते. जुम्म्याच्या नमाजानंतर त्यांनी उभं राहून अपहरणाचा निषेध करावा, ‘इस्लामला हे मान्य नाही’ असं स्पष्ट म्हणावं, अशी मी गळ घातली. ते म्हणाले, “आम्ही त्या चौघांसाठी दुआ केली आहे.” मी म्हटलं, दुआ ठीक आहे, पण लोकांना निषेध ऐकायचा आहे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि बरं म्हणाले. निषेध केला, मी टिपून घेतला, पत्रकाच्या पुढच्या आवृत्तीत ठळक छापला. मंडळाच्या पुढच्या प्रार्थनासभेला ते आले नाहीत. बगदादमधल्या अपहरणकर्त्यांना माझं पत्रक दिसण्याची सुतराम शक्यता नव्हती. ते ठळक वाक्य शेजारपाजारच्या लोकांसाठी होतं. एका सज्जन माणसाकडून मी चारित्र्याचा दाखला मागितला होता, आणि तोही त्यांच्याच प्रार्थनेच्या जागी उभं राहून.

त्याच दिवसांत खरी आवाहनं कशी असतात हे डोळ्यांसमोर घडत होतं. बगदादच्या अबू हनीफा मशिदीतून सुटकेची हाक दिली गेली. पॅलेस्टाइनमधल्या हेब्रॉनमध्ये लोक रस्त्यावर आले, कारण या संघटनेची माणसं तिथे दहा वर्षं राहत होती, इस्रायली वसाहतवाल्यांच्या दगडांपासून शाळकरी मुलांना सांभाळून नेत होती. ‘मुस्लिम असोसिएशन ऑफ ब्रिटन’चे अनस अल-तिक्रिती स्वतः बगदादला गेले. खुद्द ब्रिटनच्या तुरुंगात असलेल्या कट्टरपंथी धर्मोपदेशक अबू कतादानेही सुटकेची विनंती केली. ग्वांतानामोच्या अमेरिकी तुरुंगातून सुटून आलेल्यांनी केली. फॉक्स आणि केंबर यांना ग्वांतानामोच्या कैद्यांसारखे नारिंगी कपडे घालून चित्रफितीत बसवलं होतं, आणि ते कपडे अंगावर वागवलेली माणसं त्यांच्यासाठी बोलत होती. यांतल्या काहींची मतं मला मुळीच पटत नाहीत. पण यांना सोडा, असं म्हणण्याचा अधिकार त्यांचा होता. कुणी सोसून तो मिळवला होता, कुणी कैद्यांच्या बाजूने उभं राहून.

पत्रकातला आणखी एक शब्द एका इराकी गृहस्थांनी मला दाखवला. आमच्या भागात त्यांचं औषधांचं दुकान होतं. सहीसाठी कागद पुढे केला तेव्हा त्यांनी तो नीट वाचला. ‘निरपराध’ या शब्दावर बोट ठेवून म्हणाले, “माझा मेहुणा छावणीत आहे. आरोप काय ते कुणी सांगत नाही. तुमचे हे चौघे अशांसाठीच गेले होते ना? मग त्या लोकांबद्दल यात काहीच कसं नाही?” मी काहीतरी सारवासारव केली : मुदत जवळ आली आहे, विषय वाढवायला नको, आधी माणसं सुटू देत. त्यांनी सही केली. मी आभार मानून पुढच्या दुकानात गेले. मेहुण्याचं नावसुद्धा विचारलं नाही.

७ मार्च २००६ रोजी आलेल्या चित्रफितीत तिघेच दिसले. फॉक्स नव्हते. ९ तारखेला बगदादमध्ये त्यांचा मृतदेह सापडला, अंगावर गोळ्यांच्या खुणा होत्या. २३ मार्चला ब्रिटिश सैनिकांच्या पुढाकाराने उरलेल्या तिघांची सुटका झाली, एकही गोळी न झाडता. मागाहून कळलं की १२ फेब्रुवारीलाच फॉक्स यांना बाकीच्यांपासून वेगळं काढून नेलं होतं. चौघांत अमेरिकी ते एकटेच. आपलं अपहरण झालं तर सुटकेसाठी बळाचा वापर करू नये, असं त्यांनी आधीच लिहून ठेवलं होतं. माझ्या पत्रकात नाव असतं तर ते वाचले असते, असं मी म्हणत नाही. पण पासपोर्ट पाहून त्यांना बाजूला काढण्याचं काम मी डिसेंबरातच केलं होतं, आणि तेही प्रार्थनासभेचा कागद लिहिताना. शोकसभेत त्यांच्याबद्दल बोलायला मला सांगितलं, तेव्हा मी नाही म्हटलं आणि का ते मंडळाला सांगितलं.

विश्वस्तांना भेटायला गेले. माफी मागितली. ते म्हणाले, “तुम्ही ती माणसं कोण आहेत ते सांगितलं असतं तर मी न सांगता बोललो असतो. तुम्ही फक्त मी कोण आहे ते विचारलंत.” चहा दिला, पण बोलण्यात पहिला मोकळेपणा नव्हता. तो यायला बराच काळ लागला.

औषधांच्या दुकानातही गेले. मेहुणा अजून आतच होता. विनाआरोप डांबलेल्या इराकी कैद्यांसाठी मंडळाने निवेदन काढावं असं ठरलं. या वेळी मजकूर त्या गृहस्थांनी सांगितला, मी नुसता उतरवून घेतला, आणि सुरुवात मेहुण्याच्या नावाने झाली. डिसेंबरात ज्यांनी पहिल्या झटक्यात सह्या केल्या होत्या, त्यांतल्या बऱ्याच जणांनी कागद परत केला. हा माणूस निर्दोष आहे हे तुम्हाला कशावरून माहीत, असं एकीने विचारलं. माहीत नाही, म्हणूनच आरोप काय तो सांगा आणि कोर्टात उभं करा असं लिहिलंय, असं मी म्हटलं. तिने सही केली नाही. विश्वस्तांनी केली, आणि कागदांचा गठ्ठा मशिदीत स्वतः घेऊन गेले. सगळ्या मिळून सह्या पहिल्या पत्रकाच्या निम्म्याही झाल्या नाहीत. तेवढ्यावरच आम्ही निवेदन ओटावाला सरकारकडे पाठवलं.