हीण, कस आणि चांदीची तार

‘हिणकस’ हा शब्द आपण निंदेसाठी सर्रास वापरतो. तो मूळचा सोनाराच्या पेढीवरचा. हीण म्हणजे सोन्यारुप्यात मिसळलेला हलका धातू, कस म्हणजे कसोटीच्या दगडावरची पारख. हाताने चांदीची कर्णभूषणे घडविण्याचा छंद जडल्यापासून या शब्दाविषयीचे माझे मत पालटले आहे.

शुद्ध रुप्याची तार मेणासारखी वळते. करीमनगरच्या जाळीदार तारकामाला तोच मऊपणा हवा असतो. पण कानात अडकवायचा आकडा तिचा केला, तर तो चार दिवसांत फाकतो. तेथे ९२५ची तारच घ्यावी : हजार भागांत ९२५ भाग चांदी, उरलेले ७५ भाग बहुधा तांबे. म्हणजे हीणच! ती थोडी लवकर काळवंडते खरी; परंतु आकार धरून ठेवण्याचे बळ तिला त्या तांब्यानेच येते. आमच्या कानडीमिश्रित बेळगावी मराठीला कोणी हिणकस म्हटले, की मला ही तार आठवते.

जाडीचा हिशेब मात्र उफराटा. गेजचा आकडा वाढतो तशी तार बारीक होते, कारण अधिक बारीक तार म्हणजे जंतराच्या अधिक भोकांतून ओढलेली. जंतर म्हणजे तार ओढण्याची सच्छिद्र पोलादी पट्टी. एखाद्याला सरळ करणे या अर्थी ‘जंतरातून काढणे’ असे आपण म्हणत असू; आज ते किती घरांत ऐकू येते? शहापुरातील एक वृद्ध सोनारकाका अजून जंतर बाळगून आहेत. दर ओढीगणिक तार कडक होत जाते, म्हणून ते मला बजावतात, “ताव दिल्याबिगर वडू नको, तुटतीय बघ.” ताव देणे म्हणजे तापवून मऊ करणे. कारखान्यातील तारेच्या वेष्टनावर हेच सारे ‘सॉफ्ट’, ‘हाफ हार्ड’ असे छापलेले असते. माझ्या वहीत मी मऊ आणि निमकडक लिहितो. काकांनाही ते कळते.

मागणी नोंदविताना गेजपेक्षा मिलिमीटर सांगावेत. २० गेज अमेरिकी मापात ०.८१ मिमी, तर ब्रिटिश मापात ०.९१ मिमी भरते, आणि कानाच्या छिद्राला तेवढा फरकही जाणवतो. आकड्यासाठी ०.८ मिमी निमकडक आणि मणी गुंफायला ०.४ मिमी मऊ तार मला पुरेशी वाटते.

‘जर्मन सिल्व्हर’ मात्र कानासाठी घेऊ नये. ते तांबे, निकेल आणि जस्ताचे मिश्रण. नावापलीकडे त्यात चांदी नसते, आणि निकेलने पुष्कळांच्या कानाला खाज सुटते.