बुटीबोरीची कोजागरी

मैत्रिणींनो, बुटीबोरी म्हटलं की काय आठवतं? कारखाने! नागपूरहून वर्धा रोडने तीसेक किलोमीटर गेलं की रस्त्याला फाटा फुटतो. एक वाट वर्ध्याला, दुसरी हिंगणघाटावरून हैदराबादला. त्या फाट्यावरचं हे गाव. ट्रकांची रीघ, धुराडी, औद्योगिक वसाहतीतले भोंगे. इथं गाणं नि नाच कुठला, असं मलाही वाटलं होतं. पण कोजागरीला भाचीकडे गेले आणि जे पाहिलं ते तुम्हाला सांगितल्यावाचून राहवेना.

भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत विदर्भात भुलाबाईचा महिना. भुलाबाई म्हणजे माहेरी आलेली पार्वती, भुलोजी म्हणजे शंकर. मातीच्या मूर्ती मांडायच्या, संध्याकाळी पोरींनी जमून गाणी म्हणायची, शेवटी झाकलेला खाऊ ओळखायचा. भोंडल्यात पाटावरच्या हत्तीभोवती फेर धरतात ना, तशी इथं टिपऱ्यांची मजा.

भाचीच्या कॉलनीत मात्र स्पीकर लावला होता. गरब्याची गाणी अशी सुसाट की चार तरण्या पोरी तेवढ्या नाचत होत्या, आम्ही बाकीच्या भिंतीला टेकून! तेवढ्यात वीज गेली. सगळं चिडीचूप. आणि चांदण्यात आवाज आला, टक्, टक्. शेजारच्या आजींनी भुलाबाईचं गाणं धरलं होतं.

पहिली टिपरी आपली आपल्याला, दुसरी शेजारणीला, ओळ संपली की पाऊल पुढे. झालं! नाच म्हणून वेगळा शिकावाच लागला नाही. जेवढी ओळ तेवढीच पावलं. गाणी साखळीची, मागचे शब्द धरून पुढचे येतात. तशी पावलंही फिरून तीच. म्हणून तर परप्रांतातून आलेल्या शेजारणीही दोन कडव्यांत मिसळून गेल्या. आजींना दम लागला की गाणं मंदावे आणि त्याबरोबर सगळा फेर मंदावे. स्पीकर कुणासाठी थांबतो का हो?

फेरात एक बाई होत्या. सूतगिरणीत वर्षानुवर्षं काम करून कान गेलेले. स्पीकर चालू असताना त्या ओट्यावर नुसत्या बसून होत्या. आता एक ठोका चुकत नव्हता. मी जवळ जाऊन विचारलं, "गाणं ऐकू येतं का हो?" त्या हसल्या. "कमीच येते बाई मले. पन टिपरी हातात वाजते नं!"

खरंच की! तो ठोका मनगटातून खांद्यात नि खांद्यातून पावलात उतरतो. तेव्हापासून मीही टिपरी जरा घट्ट धरली.

मग वीज आली. स्पीकर पुन्हा गर्जू लागला. बाईंनी टिपऱ्या खाली ठेवल्या आणि मुकाट्यानं ओट्याकडे निघाल्या. माझ्या भाचीनं ते पाहिलं मात्र, पळत जाऊन बटणच बंद केलं! मसाला दूध गार झालं तरी फेर चालूच होता.

तुम्हीही येत्या कोजागरीला तासभर तरी स्पीकरला सुट्टी द्या आणि जिचं पाऊल सर्वांत हळू पडतं तिला गाणं धरू द्या. आणि हो, घरातलं कुणी यंत्रांच्या गोंगाटात काम करत असेल, तर कानात नुसता कापूस नको, चांगले इअरप्लग घालायला लावा. गेलेलं ऐकू येणं परत मिळत नाही, बरं का!