किल्लीची ओळख

आमची सामायिक मोटार सन २००८ ची. तिच्या दोन रिमोट-किल्ल्यांपैकीं एक, धाकटे बंधु वेगळे होऊन जळगांवीं गेले तेव्हां त्यांजबरोबर गेली. दुसरी आमच्याच हातून जामनेरच्या बाजारांत हरवली. नवी आणिली, पण दार उघडेना.

मंडळींस ती बिघडलेली वाटली. तसें नव्हतें. अशा किल्लीचा बिनतारी संकेत प्रत्येक खेपेस बदलतो, म्हणून चोरानें टिपलेला जुना संकेत फुकट जातो. आणि मोटारींतील यंत्र परिचित किल्लीचेंच ऐकतें. परिचयाचा विधि पुस्तिकेंत होता: दारें लावून किल्ली ठराविक वेळां चालू-बंद फिरवावी, कुलूप खटकलें कीं नव्या रिमोटची कळ दाबावी.

परंतु खालीं सूचना होती: त्या बैठकींत जो रिमोट हजर नसेल, त्याची नोंद पुसली जाईल. हरवलेल्याची पुसली जावी हें इष्टच. पण बंधूंच्या रिमोटचें काय? दोन वर्षें आमचा अबोला. न कळवितां पुसणें सोपें होतें. मात्र ३५ वर्षें आम्हीं हजेरीपट लिहिला. विचारपूस केल्यावांचून कोणाचें नांव खोडलें नाहीं.

सकाळीं फोन केला, "बापू, तुझी किल्ली घेऊन ये."

ते आले. किल्ली पुढें ठेवून म्हणाले, "दादा, परत मागाल हें ठाऊकच होतें."

"मागत नाहीं. तिची ओळख राहावी म्हणून बोलाविलें."

नातवानें किल्ली फिरविली, कुलूप खटकलें. आधीं त्यांनीं कळ दाबली, मग आम्हीं. भरीत-भाकरी जेवून बंधु सायंकाळीं परत गेले. किल्ली त्यांजपाशींच आहे.