पहिला पगार आणि विझलेली अणुभट्टी

बॉनच्या दक्षिणेकडच्या जुन्या, देखण्या घरांच्या वस्तीत एर्मेकाइल नावाची लष्करी बराक आहे. सैनिक तिथून केव्हाच गेले. आवारात आता आसपासच्या लोकांनी बाग फुलवली आहे. १२ नोव्हेंबर १९५५ रोजी याच आवारातल्या गाड्या ठेवायच्या शेडमध्ये १०१ जणांच्या हातात नेमणुकीचे कागद पडले आणि युद्धात बेचिराख झालेल्या पश्चिम जर्मनीचं नवं सैन्य, बुंडेसव्हेअर, उभं राहिलं. त्यांतल्या बहुतेकांना अजून गणवेशही मिळाला नव्हता.

त्याच्या काही आठवडे आधी, ऑक्टोबरमध्ये, बॉनच्या सरकारने आणखी एक नवं खातं उघडलं होतं: अणुखातं. पहिले मंत्री फ्रान्त्स योझेफ श्ट्राउस, वय वर्षं चाळीस. वर्षभरातच हे श्ट्राउस संरक्षणमंत्री झाले आणि १ एप्रिल १९५७ ला सक्तीच्या लष्करी सेवेची पहिली तुकडी बराकीत शिरली तेव्हा संरक्षणखातं त्यांच्याच हाती होतं. एकाच शहरात, एकाच शरद ऋतूत दोन्हींचा पाया घातला गेला आणि दोन्ही एकापाठोपाठ एकाच माणसाच्या हाताखालून गेले. अणुवीज आणि सक्तीची लष्करी सेवा यांचा शेवटही जोडीनेच ठरला. फुकुशिमाच्या अपघातानंतर, ३० जून २०११ ला जर्मन संसदेने अणुवीज टप्प्याटप्प्याने बंद करायचं ठरवलं. तेव्हा देशात सतरा अणुभट्ट्या होत्या. दुसऱ्याच दिवशी, १ जुलैला, सक्तीची लष्करी सेवा स्थगित झाली. इतक्या वर्षांत या दोन तारखा एकत्र घेऊन बोलणारं मला इथे कुणी भेटलेलं नाही. मला मात्र त्या वेगळ्या करता येत नाहीत, कारण दोन्हींच्या तळाशी एकच प्रश्न आहे: आज हातात आलेल्यातून उद्यासाठी किती ठेवायचं आणि ते कुणी ठेवायचं?

शुक्रवारी दुपारी बॉनच्या मुख्य स्थानकावर गेलं की हा प्रश्न चालता-बोलता दिसतो. आठवड्याची सेवा संपवून घरी निघालेली पोरं, पाठीवर भली मोठी सॅक, पायांत जड बूट. २०२० पासून गणवेशातल्या सैनिकांना रेल्वेप्रवास फुकट आहे. पंचविशीच्या आतल्यांना बराकीत राहण्याचं भाडं नाही, औषधपाण्याचा खर्च नाही. सक्तीच्या सेवेच्या अखेरच्या वर्षांत साध्या शिपायाला दिवसाला नऊ-दहा युरो मिळत. आता १ जानेवारी २०२६ पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने स्वेच्छेने येणाऱ्यांसाठी महिन्याला सुमारे २६०० युरो ठरवले आहेत आणि वर महागड्या वाहनपरवान्याच्या खर्चालाही हातभार आहे. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाच्या हातात एवढी रक्कम, आणि अंगावर घरभाडं नाही. मग काय होणार? नवा फोन येतो, हेडफोन येतात, हप्त्यावर गाडी येते. स्थानकावरच्या दुकानात ही मुलं किंमत न बघता वस्तू उचलतात.

आमच्या इमारतीत एक निवृत्त शिक्षक राहतात. सत्तरच्या दशकात त्यांनी पंधरा महिने सक्तीची सेवा केली आणि नंतर १४ ऑक्टोबर १९७९ ला, अमेरिकेतल्या हॅरिसबर्गजवळच्या अणुअपघाताच्या वर्षी, विद्यापीठासमोरच्या होफगार्टनमध्ये अणुविजेविरुद्ध जमलेल्या लाखभर लोकांत तेही होते. या मुलांना बघून ते मान हलवतात. म्हणतात, आम्हाला सिगारेटपुरते पैसे मिळायचे आणि त्यातूनही आम्ही उरवायचो. ते खोटं बोलत नाहीत. पण त्यांच्या वेळी बाहेर पडल्यावर नोकरी होती, घर परवडत होतं, बँकेत टाकलेल्या पैशावर बरं व्याज होतं. उरवण्याला अर्थ होता. आज सैनिकाने बचत योजना काढली तर सरकार त्यात महिन्याला ६ युरो ६५ सेंटची भर घालतं. एवढ्याने कुणाला बचतीची गोडी लागेल?

हेच बोलणं मी साताऱ्याकडूनही ऐकते. माझ्या चुलत बहिणीचा मुलगा अग्निवीरांच्या पहिल्या तुकडीत भरती झाला. कोरेगाव तालुक्यातलं आमचं गाव. तिथून जवळच अपशिंगे मिलिटरी, जिथे घराघरातून फौजेत जाण्याची रीत पहिल्या महायुद्धापासूनची. त्या पिढ्यांच्या खर्चाची सवय आम्हा सगळ्यांना पाठ आहे. महिन्याच्या महिन्याला मनिऑर्डर यायची. पोस्टमन दारात आला की आजी पदर सावरून बाहेर यायची, अंगठा उठवायची, पैसे दोनदा मोजायची. फौजी सुट्टीवर आला की कँटीनमधली ट्रंक, रेडिओ, घोंगडी घेऊन यायचा. स्वतःसाठी त्याने काय घेतलं हे कुणी विचारत नसे, कारण त्याच्या मागे पेन्शन होतं. आज नाही घेतलं तर उद्या घेता येईल, हा भरवसा सरकारने त्याला दिलेला होता.

आमच्या या पोराने बुलेट घेतली, हप्त्यावर. गावात चर्चा झाली. "पगार हातात पडला की उडवतो," असं बहिणीने फोनवर रडवेल्या आवाजात सांगितलं. मी त्याला समजवायला म्हणून फोन केला. तो शांतपणे म्हणाला, "मावशी, चार वर्षांनी मला ठेवतात की घरी पाठवतात, ते मला माहीत नाही. पेन्शन नाही. मग आज आहे ते मी जगून का घेऊ नये?" मला त्याला उत्तर देता आलं नाही, आणि आजही मला तो चुकला असं वाटत नाही. शंभरातले जास्तीत जास्त पंचवीस कायम होणार, हे त्याला भरतीच्या दिवशीच माहीत होतं. ज्याला चार वर्षांपलीकडचं दाखवलेलंच नाही त्याच्याकडून वीस वर्षांपुढचा विचार मागण्याचा अधिकार आपल्याला कुठून आला?

पण अग्निवीराच्या पगारात एक गोष्ट अशी आहे जी मला मनापासून मोलाची वाटते. पहिल्या वर्षी महिन्याला ३०,००० रुपये. त्यातले २१,००० हातात, ९,००० सेवानिधीत. सरकार तेवढीच भर घालतं आणि चार वर्षांनी व्याजासह साडेअकरा लाखांच्या वर रक्कम करमुक्त हातात येते. पोराने बुलेट घेतली काय, फोन घेतला काय, ते ३० टक्के त्याच्या हाताला लागतच नाहीत. बचतीवर त्याला कुणी व्याख्यान दिलं नाही. पगार वाटतानाच वाटणी झाली. पेन्शन काढून घेण्याची भरपाई यात होत नाही, ते मला पटलेलंच नाही. तरी पैसा हातात येण्याआधी उद्याचा वाटा बाजूला काढणं, ही रीत बरोबर आहे.

ती रीत थोरांनी कधी पाळली? बॉनहून ऱ्हाइनच्या डाव्या काठाने कोब्लेंत्सकडे गाडी जाते. रेमागेन, आंडरनाख मागे पडलं की उजव्या-डाव्या बाजूंनी डोंगर मागे सरकतात आणि मैदान उघडतं. तिथे म्युलहाइम-केर्लिशची अणुभट्टी होती. तिचा शीतन मनोरा १६२ मीटर उंच, कोलोनच्या कॅथेड्रलपेक्षाही उंच. सुमारे सात अब्ज मार्क खर्चून बांधलेली ही भट्टी ऑगस्ट १९८७ ते सप्टेंबर १९८८ अशी जेमतेम तेरा महिने नियमित चालली. भूकंपाच्या धोक्यामुळे इमारतीची जागा बदलली होती, पण त्या बदलाची तपासणी नीट न करता परवाना दिला गेला, म्हणून न्यायालयाने तो रद्द केला. वर्षानुवर्षं तो मनोरा नदीकाठी रिकामा उभा होता. मग दुरून चालवायचं एक यंत्र त्याच्या वरच्या काठावर बसवलं, त्याने तो वरून कुरतडत आणला आणि ९ ऑगस्ट २०१९ ला उरलेला भाग कोसळवला.

त्याच ऱ्हाइनवर खाली, हॉलंडच्या सीमेजवळ, काल्करला त्याहून मोठी गोष्ट घडली. १९७३ मध्ये फास्ट ब्रीडर अणुभट्टीचं काम सुरू झालं. हिलाही सात अब्ज मार्क लागले. ती बांधून पूर्ण झाली, पण तिच्यात इंधन कधीच भरलं गेलं नाही. मार्च १९९१ मध्ये प्रकल्प सोडून दिला. एका डच उद्योजकाने ती जागा विकत घेतली आणि तिथे करमणुकीची बाग काढली. शीतन मनोऱ्याच्या आत आज गोल फिरणारा उंच पाळणा आहे आणि बाहेरच्या भिंतीवर गिर्यारोहणाचा सराव चालतो. काल्करमध्येच जर्मन हवाई दलाचं मोठं ठाणं आहे. मी गेले होते तेव्हा रांगेत बारीक कापलेल्या केसांची तीन-चार पोरं होती. पगारातले पैसे देऊन ती त्या पाळण्यात बसली, हवेत वर गेली आणि मोठ्याने ओरडली. सात अब्ज मार्क ज्यांनी घालवले त्यांना उधळे म्हणायची आपली जीभ रेटत नाही. ती रेटते या पोरांच्या हेडफोनवर.

१५ एप्रिल २०२३ ला, एका शनिवारी, एम्सलांट, इझार-२ आणि नेकारवेस्टहाइम-२ या अखेरच्या तीन भट्ट्या बंद झाल्या. एकेकाळी जर्मनीची सुमारे तीस टक्के वीज अणुभट्ट्यांतून यायची. आधी या तीन भट्ट्या २०२२ अखेर थांबणार होत्या. युक्रेनचं युद्ध आणि गॅसची टंचाई यांमुळे साडेतीन महिने वाढवून मिळाले. त्याच हिवाळ्यात, जानेवारीत, बॉनपासून फार दूर नसलेलं ल्युत्झेराट हे खेडं कोळशाच्या खाणीसाठी रिकामं केलं गेलं, पोलिसांनी आंदोलकांना उचलून उचलून बाहेर काढलं. माझं मत स्पष्ट आहे: बांधून झालेल्या, धड चालणाऱ्या भट्ट्या आधी आणि कोळसा नंतर, हा क्रम उलटा होता. शेजारच्या शिक्षकांशी यावर माझं कधीच जमत नाही, आणि त्यांचं म्हणणंही मी टाकून देऊ शकत नाही. कारण भट्टी बंद केली तरी तिचं उरलेलं संपत नाही. जर्मन कायदा सांगतो की अणुकचरा पुरायची जागा दहा लाख वर्षं सुरक्षित राहील अशी हवी. ती २०३१ पर्यंत ठरायची होती. तसं होणार नाही हे आता सरकारी यंत्रणाच मान्य करतात. दिवाणखान्यातल्या ज्या दिव्याखाली माणसं जेवली, ज्या वॉशिंग मशीनमध्ये कपडे धुतले, त्याचं बिल अजून जन्मालाही न आलेल्यांच्या नावे निघालं आहे.

तरीही एक काम जर्मनीने केलं, आणि त्याबद्दल मला या देशाचा आदर वाटतो. जुलै २०१७ मध्ये वीज कंपन्यांकडून सुमारे २४ अब्ज युरो एका सरकारी निधीत भरून घेतले. ते गुंतवायचे आणि त्यातून कचऱ्याची व्यवस्था पिढ्यानपिढ्या करायची. उशिरा का होईना, हा देशाचा सेवानिधीच आहे. पन्नास वर्षं आधी, प्रत्येक युनिट विकतानाच, तो पुरेसा आणि सरकारच्या ताब्यात वेगळा काढला असता तर आज अधिक निर्धास्त राहता आलं असतं.

एका ठिकाणी मात्र अणूने जर्मनी सोडलेली नाही. आयफेलच्या डोंगरात, बॉनहून फार तर दीड तासावर, ब्युशेलचा विमानतळ आहे. अमेरिकेचे अणुबॉम्ब तिथे ठेवलेले आहेत असं सगळेच धरून चालतात, आणि ते वाहण्यासाठी २०२२ च्या शंभर अब्ज युरोंच्या विशेष निधीतून ३५ एफ-३५ विमानांची मागणी नोंदवली गेली आहे. वीज देणारा अणू गेला, पहारा करायला लावणारा राहिला. शुक्रवारच्या गाडीत बसलेल्या पोरांपैकी काही तिथलीही असतील.

आता घरचं बघू. पालघर जिल्ह्यातलं तारापूर १९६९ पासून वीज देतं आहे, देशातली पहिली अणुवीज तिथली. जैतापूरला १६५० मेगावॅटच्या सहा भट्ट्यांचा बेत आहे. ज्या वसंतात जर्मनी अणुवीज सोडायच्या तयारीत होती त्याच वसंतात, एप्रिल २०११ मध्ये, तिथल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीने साखरीनाटे गावातला एक तरुण मच्छीमार मेला. देशाने २०४७ पर्यंत शंभर गिगावॅट अणुविजेचं लक्ष्य धरलं आहे आणि डिसेंबर २०२५ मध्ये खाजगी कंपन्यांनाही दार उघडलं आहे. मी अणुविजेच्या विरोधात नाही. पण भट्टी मोडण्याच्या खर्चासाठी आपल्याकडे दर युनिटमागे दोन पैसे बाजूला काढायची पद्धत आहे. दोन पैसे. महागाई कुठून कुठे गेली, अग्निवीराच्या पगारातून तीस टक्के कापले जातात, आणि चाळीस-साठ वर्षं चालणाऱ्या भट्टीच्या उत्तरकार्यासाठी युनिटमागे दोन पैसे. हा हिशेब मला मान्य नाही.

माझा भाचा चार वर्षं संपली की घरी येईल किंवा फौजेत राहील. तो आला तर त्याच्या खात्यात लाखांची रक्कम असेल आणि वय पंचविशीच्या आत. गावागावांत असे परतणारे असतील. त्यांच्या दारात जमिनीचे दलाल, गाड्यांचे विक्रेते, भिशीवाले येतील. वाचकहो, तुमच्या घरात, गल्लीत असा मुलगा परतला तर त्याने आजवर काय उडवलं याची विचारणा करू नका. त्याच्याबरोबर बँकेत जा, रक्कम मुदत ठेवीत टाकायला मदत करा, पोलीस आणि सुरक्षा दलांतल्या भरतीत अग्निवीरांसाठी ठेवलेल्या जागांचे अर्ज त्याच्या शेजारी बसून भरा. आणि जैतापूरची जनसुनावणी पुन्हा होईल तेव्हा, कोकणातले असाल किंवा नसाल, उठून एवढंच विचारा: ही भट्टी मोडायचा आणि तिचा कचरा सांभाळायचा पैसा कुठे आहे, किती आहे आणि कुणाच्या नावावर आहे?