ग्रंथ घ्यावा की विचारावे?

मध्य रेल्वेवर खर्डी आणि कसारा यांच्या दरम्यान असलेल्या उंबरमाळीच्या विद्यार्थ्याला व्याकरणाचा ग्रंथ हवा असेल, तर दुकान हाताशी नसते. मोबाइलवरचा अभ्यासगट मात्र खिशातच असतो. मग ग्रंथासाठी पैसे का मोजावेत, हा प्रश्न मला गैर वाटत नाही.

‘त्याने पोळी खाल्ली’ यातील प्रयोग कोणता, असे गटात विचारा. ‘कर्मणी’ हे अचूक उत्तर लगेच येईल. पण ‘त्याने बैलाला मारले’ हे वाक्य समोर येताच तेच उत्तर तुम्हांला चकवील. कर्माला ‘ला’ लागताच क्रियापदाने त्याची संगत सोडली आणि प्रयोग भावे झाला, हे कळण्यासाठी प्रयोगविचाराचे प्रकरण क्रमानेच वाचावे लागते. पुढचा प्रश्न कोणता विचारावा, हेही त्या क्रमातूनच सुचते.

मात्र ग्रंथालाही मर्यादा आहे. शहापूर-मुरबाडकडील ठाकूर, कातकरी, वारली घरांतील बोली त्यात क्वचितच भेटते. तेथे बोलणाऱ्या माणसांनाच विचारावे लागते. भाषाविज्ञानाच्या अभ्यासात मला दोन्हींची गरज पडली.

म्हणून पैसे मोजण्याआधी मोरो केशव दामले यांचे १९११ चे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ ग्रंथालयात चाळा. एक प्रकरण वाचून स्वतःची दहा वाक्ये त्यावर तपासा; अडेल तेथे गटाला विचारा. आलेले उत्तर नियमाशी ताडून पाहा, कारण परीक्षेच्या वेळी निर्णय तुम्हांला एकट्यानेच करायचा असतो.