एका वेळी एकच गोष्ट

कारधा, जि. भंडारा
आषाढ

चि. बाईस,

तुझं पत्र मिळालं. नोकरी सांभाळून, पदरचे पैसे घालून तू छोटीशी प्रकाशन संस्था काढते आहेस, हे वाचून फार बरं वाटलं. एकाच लेखकाच्या बारा कथांची माला, दर महिन्याला एक कथा, सोळा पानांची पुस्तिका, वर्गणीदारांना घरपोच. नागपुरातली जाणती माणसं तुला म्हणतात की एवढा खटाटोप कशाला, बाराही कथांचा एकच संग्रह काढ आणि मोकळी हो. तू माझं मत विचारलंस म्हणून सांगते, या एका बाबतीत त्यांचं ऐकू नकोस.

कथासंग्रहाचं मला आयुष्यभर एक दुखणं आहे. चांगली कथा वाचून संपते आणि लगेच पान उलटलं की दुसरी सुरू होते. दुसरीतली माणसं पहिलीच्या माणसांना बाजूला सारतात. चौथ्या कथेपर्यंत पहिलीतल्या बाईचं नावसुद्धा आठवत नाही, आणि दोष लेखकाकडे जातो. कादंबरीला पुढचं प्रकरण हवं असतं. कथेला तिच्यानंतर काही दिवस दुसरं काही नको असतं. ती मनात फिरते, भांडी घासताना आठवते, शेजारणीला सांगावीशी वाटते, सांगताना तिचा वेगळाच अर्थ लागतो. ‘सत्यकथा’ चालू होती तेव्हा आम्हा शिक्षकांच्या खोलीत एकेका कथेवरून पुढचा अंक येईपर्यंत वाद चालत. 1982 मध्ये ते मासिक बंद झालं. नंतर त्यातल्याच कथा संग्रहांतून पुन्हा वाचल्या, पण वाद घालायला कोणी थांबलं नाही. तुझ्या मालेत दोन पुस्तिकांच्या मध्ये जो महिना आहे, तो मला छापलेल्या पानांइतकाच मोलाचा वाटतो.

इथं पावसाळ्यात वैनगंगा चढायला लागली की वर्तमानपत्रात कारध्याच्या पुलावरची पाणीपातळी छापून येते. मध्य प्रदेशातल्या संजय सरोवरातून पाणी सोडलं की इथं किती वाढणार, यावर चहाच्या टपरीवर बोलणं चालतं. 2020 च्या ऑगस्टअखेरच्या पुरात तर लोक दर तासाला विचारत होते. तोच आकडा वर्षाअखेरीस तक्त्यात एकत्र छापून दिला तर कोण बघेल? काही गोष्टी ज्या त्या वेळी, एकेक करून हातात पडाव्या लागतात.

आपल्याकडे हे नवं नाही. हरिभाऊ आपट्यांनी 1890 मध्ये ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढलं आणि सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं चालवलं. त्याआधी 1885 मध्ये त्यांची ‘मधली स्थिती’ ‘पुणेवैभवा’त क्रमशः आली होती, पण ते दुसऱ्याचं पत्र होतं. ‘करमणूक’ त्यांची स्वतःची. त्यांचं पोट पुण्याच्या आनंदाश्रमाच्या व्यवस्थापकपदावर चाललं होतं, म्हणून लिहायचं काय आणि किती दिवस, हे त्यांना दुसरं कोणी सांगू शकत नव्हतं. ‘पण लक्षात कोण घेतो’मधल्या यमूची हकीकत त्यांनी 1890 पासून तीनेक वर्षं हप्त्याहप्त्यानं लिहिली. आणि त्याच साप्ताहिकात एका अंकात सुरू होऊन तिथंच संपणाऱ्या गोष्टीही ते देत. त्यांना ते स्फुट गोष्टी म्हणत. मराठी लघुकथेचा पाया तिथं घातला गेला, असं अभ्यासक सांगतात. तुझी नोकरी तुला आता अडचण वाटते आहे. मला वाटतं तीच तुझा आनंदाश्रम आहे. मालेच्या जिवावर घर चालवायचं नाही, हे आधीच ठरलेलं असलं की माला नेटानं चालते.

हरिभाऊंकडून दुसरीही गोष्ट घ्यायची. एवढा उद्योगी माणूस, पण ‘कर्मयोग’ ही कादंबरी अपुरीच राहिली. साप्ताहिकाचं चाक फिरत असताना लिहीत जाण्यात हा धोका असतोच. वर्गणीदारानं बारा महिन्यांचे पैसे भरले आणि सातव्या महिन्यात पुस्तिका यायची थांबली, तर तो पैशासाठी चिडणार नाही, पण त्याचा विश्वास जाईल. पुन्हा एखादी छोटी संस्था असं काही करायला निघाली तर तिलाही त्याची झळ बसेल. म्हणून बाई, बाराच्या बारा कथा संपादित होऊन तुझ्या कपाटात पडल्याशिवाय पहिली छापायला देऊ नकोस. वर्गणीचा पैसा वेगळ्या खात्यात ठेव आणि दर महिन्याला त्या महिन्यापुरताच काढ.

लेखकानं विचारलंय की प्रत्येक कथेच्या शेवटी पुढच्या महिन्यासाठी ओढ लावणारं काही ठेवायचं का. मुळीच नको. डिकन्सची ‘पिकविक’ 1836-37 मध्ये महिन्याला बत्तीस पानांच्या एका शिलिंगाच्या भागांत निघाली, ती एक लांब गोष्ट होती, तिचं तंत्र निराळं. तुझ्यापुढे आदर्श ठेवायचा तर व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘माणदेशी माणसं’चा ठेव. ती माणसं ‘मौज’ साप्ताहिकातून एकेक करत आली आणि 1949 मध्ये पुस्तक झालं. प्रत्येक माणूस आपल्यापुरता पुरा, आणि सगळे मिळून एक मुलूख. तुझ्या लेखकाचं गाव एकच आहे, नदी एकच आहे, तिसऱ्या कथेतला पोस्टमन नवव्यात नुसता सायकलवरून जाताना दिसला तरी वाचकाला तो ओळखीचा वाटेल. एवढा धागा पुरतो.

आता छपाईचं. सोळा पानं म्हणजे एक फर्मा. डेमी आकारात, म्हाताऱ्या डोळ्यांना झेपेल असा टाइप ठेवलास तर पानावर अडीचशे-पावणेतीनशे शब्द बसतात. पहिलं पान आणि शेवटचा मजकूर वजा करता कथेला साडेतीन हजार शब्द मिळतात. एखादी कथा त्यात मावत नसेल तर कापू नकोस, त्या महिन्यात दोन फर्मे दे. आधी कोऱ्या कागदावर नमुना करून बघ. मोठा कागद तीनदा दुमडायचा, कोपऱ्यावर आकडे घालायचे आणि उलगडायचा. पहिल्या पानाला लागून सोळावं पान आलेलं दिसेल, काही आकडे उलटे दिसतील. मी हे शाळेच्या हस्तलिखितासाठी पोरांकडून करून घ्यायची. ज्याला हा कागद एकदा उलगडून कळला, त्याला छापखान्यात कोणी फसवू शकत नाही. दुमडीवर पिना दोनच मारायला सांग, आणि पावसाळ्याच्या पुस्तिकांना गंज न धरणारी तार.

टपालाचा प्रश्न मात्र अवघड आहे. छापील पुस्तकांचं जुनं रजिस्टर्ड बुकपोस्ट डिसेंबर 2024 मध्ये बंद झालं. मे 2025 पासून ‘ज्ञान पोस्ट’ आलं, 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपये, पाच किलोपर्यंत 100. पण ठरावीक मुदतीनं निघणारी प्रकाशनं त्यात बसत नाहीत, तेव्हा तुझी मालिका त्यांच्या लेखी पुस्तक ठरते की नियतकालिक, हे नागपूरच्या मोठ्या पोस्टात विचारून मगच वर्गणी जाहीर कर. शिवाय 300 ग्रॅममध्ये तुझ्या दहा-बारा पुस्तिका मावतील आणि तू पाठवणार एकच. काही जण तुला सुचवतील की तीन महिन्यांच्या तीन एकदम पाठव. तसं केलंस तर संग्रहच काढलेला काय वाईट? त्यापेक्षा गावागावाचा गठ्ठा कर. एका गावात दहा वर्गणीदार असतील तर एकाच्या पत्त्यावर दहा प्रती, पुढचं वाटप त्यानं करायचं. वाटताना आपोआप बोलणं होतं.

प्रत्येक पुस्तिकेला आयएसबीएन घे, आपल्या देशात त्याला पैसे पडत नाहीत. 1954 च्या कायद्याप्रमाणे कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि इतर तीन ग्रंथालयांना प्रती पाठवायलाही विसरू नकोस. पातळ पुस्तिका घराघरातून रद्दीत जातात. पन्नास वर्षांनी कोणाला शोधायच्या असतील तर कुठंतरी सापडल्या पाहिजेत.

प्रुफं माझ्याकडे पाठव. संवाद आपल्या इकडच्या झाडीबोलीत आहेत, आणि टाइप करणारा माणूस ‘पानी’चं ‘पाणी’ केल्याशिवाय राहत नाही. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी साकोलीत राहून या बोलीसाठी आयुष्य वेचलं. इथल्या लेखकाची बोली निदान आपल्या हातून तरी पुसली जाऊ नये.

पहिली पुस्तिका दिवाळीनंतर मंडईच्या, म्हणजे इथल्या गावजत्रांच्या, दिवसांत निघू दे. गावोगावी दंडारीचं लोकनाट्य असतं, रात्रभर नाटकं चालतात, वडश्याच्या नाटक कंपन्या येतात, आणि लोक तिकीट काढून थंडीत पहाटेपर्यंत बसतात. ‘इथं वाचक नाही’ म्हणणाऱ्यांनी एकदा त्या नाटकाच्या मंडपाबाहेर उभं राहून बघावं. गोष्टीसाठी पैसे मोजणारी माणसं तिथं शेकड्यांनी असतात, फक्त त्यांच्या हातात कोणी पुस्तक देत नाही. आपण मंडपाबाहेर टेबल टाकू. मी बसेन.

कारधा आणि भंडाऱ्याचा गठ्ठा माझ्या पत्त्यावर येऊ दे. पुलापलीकडे माझ्या जुन्या विद्यार्थिनी आहेत, त्यांची नावं या पत्रासोबत वेगळ्या कागदावर लिहिली आहेत. वर्गणीचा आकडा ठरला की कळव, त्यांच्याकडून जमा करून पाठवते. आईला नमस्कार सांग.

तुझी,
मावशी