पायांची वळवळ आणि पोट

धुळ्याहून संध्याकाळच्या एसटीने जळगावला यायचं माझ्या जिवावर यायचं. पारोळा मागे पडलं की पोटऱ्यांत खोलवर वळवळ सुरू. दुखणं नव्हे, मुंग्याही नव्हेत. पण पाय हलवल्याशिवाय राहवायचं नाही. एरंडोल येईपर्यंत मी उठून दांडा धरून उभी असायचे. चाललं की थांबायचं, बसलं की पुन्हा तेच. रात्री अंथरुणाला पाठ टेकायची खोटी, की उठून गच्चीवर फेऱ्या. सासूबाई तेल लावून पोटऱ्या रगडायच्या, वरून ओढणी करकचून बांधायच्या. ‘सुनेला वांब येतात,’ असं शेजारी सांगायच्या. पण वांब आला की पोटरी दगडासारखी होते. माझी मऊच असायची.

पोटाची तक्रार त्याहून जुनी. चार घास खाल्ले की पोट तट्ट फुगायचं, मधूनच जुलाब. पित्ताची गोळी कधीतरी लिहून मिळाली होती, ती रोज सकाळी चालूच होती.

जळगावच्या एका डॉक्टरांनी पायांचं ऐकून आधी पोटाचंच विचारलं. हिमोग्लोबिन बरं होतं. त्यांनी फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासायला लावला. तो निघाला १४. पायांच्या या आजारात ७५ च्या खालीही लोह देण्याचा विचार करतात, कारण रक्त ठीक असूनही मेंदूला लोह कमी पडू शकतं. स्वीडनच्या डॉ. एकबोम यांनी १९४५ मध्ये या आजाराला ‘रेस्टलेस लेग्ज’ (अस्वस्थ पाय) हे नाव दिलं, तरी आपल्याकडे तो अजून वांबातच जमा होतो.

अन्नातलं लोह शोषलं जायला पोटातलं आम्ल लागतं. वर्षानुवर्षं गोळीने ते दाबलं की लोह कमी मुरतं आणि लहान आतड्यात जिवाणूही माजू शकतात. २०११ च्या एका अमेरिकी अभ्यासात असे पाय असलेल्या बऱ्याच जणांत ही जिवाणूवाढ दिसली. अभ्यास छोटा होता. जिवाणूंमुळेच पाय वळवळतात हे त्यावरून सिद्ध होत नाही. गव्हाने आतडं बिघडवणाऱ्या सीलिॲकची तपासणीही झाली, तो नव्हता.

डॉक्टरांनी पित्ताची गोळी हळूहळू बंद केली, लोहाची सुरू केली. जेवणावरचा चहा सुटला. काही महिन्यांनी झोप लागू लागली. पोट अजून अधूनमधून फुगतं.

रात्री पाय स्वस्थ बसू देत नसतील तर डॉक्टरांना पोटाचंही सांगा, फेरिटिन तपासून घ्या. मात्र लोहाची गोळी मनाने घेऊ नका. साठा जास्त झाला तर तोही बाधतो.